मोर्चाच्या राखणीला उभे असलेले पाच जण (डॅलस, ७ जुलै २०१६)

निवडुंग

मंडळी, थोडी मदत हवी आहे. प्रश्न शेवटी आहेत, आधी पार्श्वभूमी सांगते.

मी डॅलसजवळ अर्व्हिंगला राहते. लेक सहावीत आहे. शाळेने प्रकल्प दिलाय: आपल्या शहरात घडलेली एक घटना निवडायची, घरातल्या मोठ्यांना त्याबद्दल विचारायचं आणि लिहायचं. निम्मा वर्ग केनेडींची हत्या घेणार हे उघडच होतं. हिने ७ जुलै २०१६ घेतली. का, तर "आई, तू तेव्हा डाऊनटाऊनला कामाला होतीस ना?"

होते. डार्टच्या (म्हणजे इथल्या लोकल ट्रेन-बससेवेच्या) ऑरेंज लाइनने रोज ये-जा करायचे. त्या गुरुवारी संध्याकाळी वेस्ट एंड स्टेशनकडे चालत निघाले तेव्हा फलक घेतलेली माणसं बेलो गार्डनच्या दिशेने जाताना दिसत होती. ५ तारखेला लुईझियानात आल्टन स्टर्लिंग, ६ तारखेला मिनेसोटात फिलँडो कॅस्टील. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही पोलिसांच्या गोळीने गेलेले, आणि दोन्ही व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर. त्याचा निषेध होता. कोपऱ्यावर दोन पोलीस नेहमीच्या गणवेशात उभे होते. ढाली नाहीत, हेल्मेट नाहीत. एक बाई मुलाचा हात धरून त्यांच्याशी काहीतरी बोलत होती आणि तिघेही हसत होते. माझी गाडी आली, मी गेले.

नऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. मोर्चा जवळपास संपत आला होता. आठशेच्या आसपास माणसं आणि त्यांच्या बंदोबस्ताला शंभरेक पोलीस. पंचवीस वर्षांच्या एका माजी सैनिकाने रायफलने पोलिसांना वेचून मारायला सुरुवात केली. पाच पोलीस गेले. नऊ पोलीस आणि दोन नागरिक जखमी झाले. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत एका दिवशी इतके पोलीस मारले गेले नव्हते. पुढे तो एल सेंट्रो कॉलेजच्या इमारतीत अडकला. काही तास बोलणी चालली. शेवटी पहाटे अडीचच्या सुमारास पोलिसांनी बॉम्ब हाताळणाऱ्या रोबोला सुमारे अर्धा किलो सी-४ स्फोटक देऊन आत पाठवलं आणि त्याला ठार केलं.

गेलेल्यांची नावं लिहिते. ब्रेंट थॉम्पसन, पॅट्रिक झामारिपा, मायकेल क्रोल, लॉर्न अ‍ॅरेन्स, मायकेल स्मिथ. थॉम्पसन डार्टच्या पोलीस दलातला. त्या दलातला ड्युटीवर मारला गेलेला पहिलाच अधिकारी. मी रोज ज्या फलाटावर उभी राहायचे तिथे पहारा देणाऱ्यांपैकी एक. दोन आठवड्यांपूर्वीच त्याचं लग्न झालं होतं, दलातल्याच सहकारी अधिकाऱ्याशी. झामारिपाची मुलगी दोन वर्षांची होती. माझीही तेव्हा दोन वर्षांचीच होती.

हे सगळं लेकीला सांगितलं. तिने दोन प्रश्न विचारले आणि दोन्ही वेळा मी गप्प बसले.

पहिला: "ते लोक पोलिसांच्या विरोधात निघाले होते, मग पोलीस त्यांना का वाचवत होते?"

दुसरा: "रोबोने माणसाला मारलेलं चालतं का?"

तुम्ही काय सांगितलं असतं?

रानवारा

ताई, मी तेव्हा प्लेनोत होते. ती रात्र आठवली तरी पोटात गोळा येतो. टीव्हीवर सारखं सांगत होते की बंदूकवाले अनेक आहेत, उंचावरून मारताहेत, तिकोनी मारा चाललाय. उंच इमारतींमधून आवाज असा घुमत होता की गोळी कुठून येतेय ते रस्त्यावर उभ्या पोलिसांनाही कळत नव्हतं. काही जणांना ताब्यात घेऊन नंतर सोडलं. माणूस एकच होता हे नक्की व्हायला बराच वेळ गेला. नवरा त्या दिवशी डाऊनटाऊनला क्लायंटकडे गेला होता आणि दोन तास फोन लागत नव्हता. तो हॉटेलच्या तळघरात होता, सुखरूप.

तुमच्या लेकीचा पहिला प्रश्न फार खोल आहे.

कोष्टी_गल्ली

धागाकर्तीने मारेकऱ्याचं नाव लिहिलं नाही ते मला फार आवडलं. पाच जणांची नावं आहेत, त्याचं नाही. कृपया बाकीच्यांनीही तेच पाळावं.

अश्वत्थ

कोष्टी_गल्ली, भावना कळते. पण नाव नको म्हणता म्हणता त्याच्याबद्दलची माहितीही आपण टाळतो, आणि ते बरं नाही. तो आर्मी रिझर्व्हमध्ये होता, सुतारकाम-गवंडीकामाच्या विभागात. २०१३-१४ मध्ये अफगाणिस्तानात होता. तिथे एका महिला सैनिकाने लैंगिक छळाची तक्रार केल्यावर त्याला परत पाठवलं. मेस्किटला आईच्या घरी राहायचा. त्या घरात पोलिसांना बॉम्ब बनवण्याचं साहित्य सापडलं. म्हणजे दोन व्हिडिओ पाहिले आणि डोकं फिरलं, इतकं सरळ ते नाही. तयारी आधीपासून होती. बोलणी करणाऱ्या अधिकाऱ्याला त्याने सांगितलं की त्याला गोऱ्यांना मारायचंय, विशेषतः गोऱ्या पोलिसांना. बोलता बोलता तो हसत होता, गात होता, किती मेले ते विचारत होता.

हे कळायला हवं. नाव नसलं तरी चालेल.

कोष्टी_गल्ली

एवढं मान्य.

हवालदाराची_लेक

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देऊ शकते असं वाटतं, कारण मी त्यातच वाढले.

वडील हवालदार होते, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. आम्ही पोलीस लाईनीत राहायचो, दोन खोल्या. पावसाळ्यात छत गळायचं आणि उन्हाळ्यात नळाला पाणी नसायचं. मी आठवीत असताना आमच्या शहरात कोठडीत एक तरुण मुलगा गेला. लोक चिडले. मोठा मोर्चा निघाला आणि त्या मोर्चाच्या बंदोबस्तात बाबा होते. घोषणा पोलिसांच्याच विरोधात. त्यांच्या तोंडावर लोक 'खुनी' म्हणत होते. वर्गातल्या मुलींनी मला दुसऱ्या दिवशी तेच ऐकवलं.

रात्री अकराला बाबा घरी आले. पायातले बूट काढताना मी विचारलं, तुम्हाला शिव्या देणाऱ्यांचं रक्षण तुम्ही कशाला करता? ते म्हणाले, "त्यांचं पोरगं गेलंय. ओरडायचा हक्क आहे त्यांना. ओरडून ते नीट घरी जातील एवढंच मला बघायचं होतं." आणि मग जेवायला बसले. वरणभात गार झाला होता, आईने परत गरम केला.

त्या मुलाचं कोठडीत काय झालं ते बाबांना माहीत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. आता ते नाहीत. ते विचारायला हवं होतं असं अजून वाटतं.

निवडुंगताई, लेकीला सांगा की ते पोलीस तिथे त्या लोकांचा राग बरोबर की चूक हे ठरवायला उभे नव्हते. मोर्चा काढणं हा लोकांचा हक्क आहे आणि त्या हक्काची राखण हेच त्यांचं त्या संध्याकाळचं काम होतं.

रानवारा

हवालदाराची_लेक, डोळ्यात पाणी आलं.

पाणकोंबडा

+१. प्रतिसाद जपून ठेवला आहे.

थंडगार_मिनेसोटा

मी सेंट पॉलजवळ राहतो. एक विनंती आहे. डॅलसच्या पाच जणांबद्दल लिहिताना फिलँडो कॅस्टील नुसता 'पार्श्वभूमी' होऊन राहू नये.

तो सेंट पॉलमधल्या शाळेच्या कॅफेटेरियात सुपरवायझर होता. मुलांची नावं त्याला पाठ असायची. कुणाला दूध चालत नाही, कुणाला शेंगदाणा, हे लक्षात ठेवायचा. फाल्कन हाइट्सला त्याची गाडी अडवली. त्याने स्वतःहून सांगितलं की माझ्याजवळ बंदूक आहे. परवाना होता. अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. मैत्रिणीने ते सगळं तिथूनच फेसबुकवर लाइव्ह केलं. जून २०१७ मध्ये तो अधिकारी निर्दोष सुटला.

त्या आठवड्यात आमच्या इथे लोक गव्हर्नरच्या निवासस्थानाबाहेर रात्रंदिवस बसून होते. मीही एका संध्याकाळी गेलो होतो. डॅलसची बातमी कळली तेव्हा पोटात तोच खड्डा पडला जो आदल्या दिवशी पडला होता. एका दुःखातून दुसरं वजा करता येत नाही हे मला त्या दोन दिवसांत कळलं.

कातळ

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. अशी घटना झाली की लगेच सगळे पोलिसांच्या आरत्या ओवाळायला लागतात. फुलं, मेणबत्त्या, निळ्या फिती. पण कॅस्टीलला मारणारा सुटला, स्टर्लिंगच्या प्रकरणात कुणावर आरोपपत्रही नाही. त्या हिशोबाबद्दल विचारलं की म्हणतात 'आता ही वेळ नाही'. मग वेळ कधी?

अश्वत्थ

कातळ, वेळ तीच होती आणि लोक रस्त्यावर तेच विचारत होते. तो प्रश्न बंद पाडला तो या माणसाच्या रायफलीने. मोर्चातली माणसं जिवाच्या आकांताने पळाली आणि पोलीस उलट्या दिशेने, आवाजाकडे पळाले. मुलांना घेऊन आलेली एक आई पायाला गोळी लागून पडली, मुलाला अंगाखाली घेऊन. पोलिसांनी तिच्याभोवती आपल्या शरीराची भिंत केली. तीच बाई पोलिसांचा निषेध करायला आली होती.

आणि डॅलसच्याच पोलिसांवर राग काढण्यात तर अजिबात अर्थ नव्हता. डेव्हिड ब्राऊन डॅलसचे पोलीसप्रमुख झाल्यापासून तिथे बळाच्या वापराबद्दलच्या तक्रारी बऱ्याच कमी झाल्या होत्या. जिथे सुधारणा चालू होती तिथेच घाव बसला.

कातळ

ती आई मला माहीत नव्हती. तुमचं म्हणणं पटतं. पण माझा प्रश्नही तसाच राहतो, आणि तो मी सोडणार नाही.

थंडगार_मिनेसोटा

सोडू नकाच.

घाटमाथा

डेव्हिड ब्राऊनचं नाव निघालंच आहे तर थोडं सविस्तर लिहितो. मी त्या काळात डॅलसला होतो आणि या माणसाबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

ब्राऊन डॅलसचाच, कृष्णवर्णीय. दलात ३३ वर्षं. १९८८ मध्ये त्याचा जुना सहकारी ड्युटीवर मारला गेला. १९९१ मध्ये सख्खा भाऊ ड्रग विकणाऱ्यांच्या हातून गेला. २०१० मध्ये तो पोलीसप्रमुख झाला आणि काही आठवड्यांत, फादर्स डेच्या दिवशी, त्याच्या स्वतःच्या मुलाने मानसिक तोल सुटलेल्या अवस्थेत लँकेस्टर गावात दोन जणांना मारलं. त्यातला एक पोलीस होता. मग पोलिसांच्या गोळीने तो मुलगाही गेला.

म्हणजे २०१६ च्या त्या रात्री जो माणूस प्रमुखाच्या खुर्चीत होता, त्याने हे दुःख सगळ्या बाजूंनी भोगलेलं होतं. मारल्या गेलेल्या पोलिसाचा सोबती, मारल्या गेलेल्याचा भाऊ, पोलिसाला मारणाऱ्याचा बाप, आणि पोलिसांनी मारलेल्या कृष्णवर्णीय तरुणाचाही बाप.

सोमवारी, ११ तारखेला, तो पत्रकारांसमोर आला. त्याच्या बोलण्याचा आशय असा होता की आपण या देशात पोलिसांवर फार ओझं टाकतोय. मानसिक आजारांवर पुरेसा खर्च नाही, द्या पोलिसांकडे. व्यसनांवर उपचार नाहीत, द्या पोलिसांकडे. डॅलसमध्ये मोकाट कुत्री झालीत, त्यांच्यामागेही पोलीस पळवा. शाळा कमी पडतात, तेही पोलिसांनीच बघावं. पोलीसगिरी यासाठी नव्हतीच कधी. आणि मग निषेध करणाऱ्यांना तो म्हणाला, आमच्याकडे भरती चालू आहे, रांग सोडून अर्ज भरा, तुमच्याच वस्तीत नेमणूक देऊ. पुढच्या काही दिवसांत अर्ज आधीच्या तिपटीहून जास्त आले.

तुमच्या लेकीला हा माणूस नक्की सांगा.

हवालदाराची_लेक

मोकाट कुत्र्यांचं वाचून बाबा आठवले. गणपतीत दहा दिवस बंदोबस्त, मग दहावी-बारावीच्या परीक्षेला बंदोबस्त, मग कुणी मंत्री येणार म्हणून, मग निवडणूक. साप्ताहिक सुट्टी कागदावर. विसर्जनाच्या रात्री ते सलग छत्तीस तास उभे असायचे. आमच्या घरी गणपती बसायचा, पण आरतीला बाबा कधीच नसायचे.

पाणकोंबडा

आमच्या गल्लीतला हवालदार दरवर्षी आमच्या मंडळाच्या आरतीला येऊन उभा राहायचा, टोपी काढून. आता कळतंय का ते. यंदा चौकातल्या बंदोबस्तवाल्यांना मोदक आणि चहा आमच्या मंडळाकडून, लिहून ठेवा.

सागरगोटा

विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे २६ नोव्हेंबर २००८ ला गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे हातात लाठी घेऊन रायफलवाल्यासमोर गेले आणि नळी धरून ठेवली. अशोकचक्र मिळालं, मरणोत्तर. त्याच रात्री करकरे, कामटे, साळसकर कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत गेले. पोलीस गेले की आपल्याला त्यांची किंमत कळते, जिवंतपणी मात्र क्वार्टर गळत असतात.

अश्वत्थ

सागरगोटा, ओंबळ्यांबद्दल आदर आहेच, पण तुलना जपून करू. तो बाहेरून आलेला हल्ला होता, सगळ्यांवर होता. डॅलसचा माणूस त्याच मातीतला होता, त्याच देशाचा गणवेश घातलेला, आणि त्याने गणवेश बघून माणसं निवडली. निवडून मारण्याचं सांगायचं तर गडचिरोली जास्त जवळचं आहे. लाहेरीला ८ ऑक्टोबर २००९ रोजी १७ पोलीस गेले. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक.

वैनगंगा

गडचिरोली जिल्ह्याची आहे मी. लाहेरीला गेलेल्यांपैकी एक आमच्या गावचा. एवढंच सांगते की तिथं मारणारा आणि मरणारा, दोघंबी पुष्कळदा एकाच बोलीत बोलणारे, एकाच बाजाराला जाणारे असतात. यावर लिहायचं तर वेगळा धागा पाहिजे, इथं त्या पोरीच्या प्रकल्पाचं चालू द्या.

निवडुंग

वैनगंगाताई, तो धागा तुम्ही खरंच काढा. मी वाचेन.

दुसऱ्या प्रश्नावर कुणी काही सांगेल का? रोबोचं?

यंत्रमाग

सांगतो. मी रोबोटिक्समध्ये काम करतो, पोलिसांसाठी नाही, गोदामांसाठी.

आधी एक गैरसमज दूर करू. तो रोबो स्वतः काही ठरवत नव्हता. चाकांवरचं, लांब हाताचं, कॅमेरा लावलेलं यंत्र. दूरवरून माणूस चालवतो. त्याचं मूळ काम संशयित पिशवी उचलणं, बॉम्ब निकामी करणं. त्या रात्री त्याच्या हातात स्फोटक दिलं आणि भिंतीपलीकडे नेऊन ते उडवलं. गंमत म्हणून नाही, माहिती म्हणून सांगतो, त्यात त्याचा हातच तेवढा खराब झाला. बटण माणसानेच दाबलं. पण अमेरिकेतल्या पोलिसांनी रोबो वापरून कुणाला ठार करण्याची ती पहिलीच वेळ होती.

पोलिसांची बाजू अशी: तो अरुंद भागात दडून होता. त्याच्यापर्यंत जायचं तर आणखी माणसं गोळीच्या टप्प्यात येणार. बोलणी तासन्‌तास झाली होती आणि बॉम्ब ठेवलेत अशा धमक्या तो देत होता. जानेवारी २०१८ मध्ये ग्रँड ज्युरीने (आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्या अधिकाऱ्यांवर आरोप ठेवायला नकार दिला.

माझं मत? त्या रात्रीपुरतं मला ते चूक वाटत नाही. पण दार एकदा उघडलं की ते कोण, कधी, कुणासाठी उघडणार याचा नियम आधी लिहून हवा. २०२२ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरमंडळाने पोलिसांना असे रोबो जीवघेण्या बळासाठी वापरायची परवानगी दिली. लोकांनी एवढा विरोध केला की आठवड्याभरात निर्णय फिरवला. चर्चा झाली हे महत्त्वाचं. डॅलसला चर्चा करायला वेळच नव्हता.

कातळ

यंत्रमाग, एक शंका. तो अडकलेला होता, बाहेर पडायला वाट नव्हती. सकाळपर्यंत थांबता आलं नसतं का? उपाशी, जखमी माणूस किती वेळ टिकेल? खटला झाला असता तर त्याने हे का केलं ते कोर्टात निघालं असतं. आता आपल्याकडे फक्त पोलिसांनी सांगितलेलं त्याचं बोलणं आहे.

यंत्रमाग

रास्त शंका आहे. मलाही खटला झालेला आवडला असता. पण ज्या पोलिसाला पुढे पाठवायचं त्याच्या घरी जाऊन 'आम्ही वाट बघत होतो' असं सांगायची जबाबदारी ज्याच्यावर होती, त्याच्या जागी बसून मी 'थांबा' म्हणालो असतो का, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही.

रानवारा

याला जोडून, थांबण्याबद्दल. टेक्सासमध्येच उव्हाल्डीला २०२२ मध्ये शाळेत गोळीबार झाला तेव्हा ३७६ पोलीस जमले आणि वर्गात शिरायला ७७ मिनिटं लागली. आत लहान मुलं होती. डॅलसमध्ये आवाजाकडे पळत गेलेले आठवतात आणि मग ते आठवतं. दोन्ही गणवेशातलेच.

डोंगरगाव

बंदुका घेऊन मोर्चात आलेल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही. टेक्सासात रायफल उघडपणे खांद्याला लावून फिरणं कायदेशीर आहे. ब्राऊननेच नंतर सांगितलं की मोर्चात वीस-तीस जण रायफली घेऊन, काही तर बुलेटप्रूफ जाकिटं घालून आले होते. गोळीबार सुरू झाल्यावर हे लोक पळायला लागले आणि पोलिसांना मारेकरी कोण, निषेधकर्ता कोण, ते कळेना. त्यातल्या एका माणसाचा फोटो पोलिसांनी 'संशयित' म्हणून ट्विटरवर टाकला. बिचाऱ्याने आपली रायफल स्वतःहून पोलिसाच्या हातात दिली होती आणि त्याचा काही संबंध नव्हता. फोटो मात्र जगभर फिरला. आठशे लोकांच्या गर्दीत, अंधारात, कृष्णवर्णीय माणूस, खांद्याला रायफल... तो जिवंत घरी गेला हे नशीब.

थंडगार_मिनेसोटा

आणि कॅस्टीलकडेही परवाना होता. बंदुकीचा हक्क कुणाच्या हातात हक्क दिसतो आणि कुणाच्या हातात धोका, हे त्या एकाच आठवड्यात दोनदा दिसलं.

कडुनिंब_डल्लास

हा माझा पहिलाच प्रतिसाद, चुकलं तर सांभाळून घ्या. मी एका रुग्णालयात फार्मसीत काम करते. पार्कलंडमध्ये नाही, पण आमच्या क्षेत्रात त्या रात्रीबद्दल सगळे बोलतात.

पार्कलंडमध्ये त्या रात्री ब्रायन विल्यम्स नावाचे ट्रॉमा सर्जन ड्युटीवर होते, कृष्णवर्णीय. जखमी पोलीस तिथे आणले गेले. काही दिवसांनी पत्रकारांसमोर ते बोलले, तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता. त्या पोलिसांना वाचवता आलं नाही हे मनातून जात नाही, असं ते म्हणाले. आणि त्याच वेळी हेही म्हणाले की रस्त्यात पोलीस दिसले की त्यांना स्वतःला भीती वाटते. ते हॉटेलात पोलीस दिसले तर त्यांच्या जेवणाचे पैसे भरतात. लेक सोबत असेल तर मुद्दाम, म्हणजे जे ओझं ते वाहतात ते तिच्यावर येऊ नये.

निवडुंगताई, तुमच्या लेकीला हे आवडेल असं वाटलं.

पाणकोंबडा

कडुनिंबताई, पहिलाच प्रतिसाद आणि एवढा छान. येत राहा.

घाटमाथा

अगदी. हे मी विसरलो होतो.

चिमणपाखरू

मी अटलांटाजवळ. हायवेवर दोनदा अडवलं गेलंय, एकदा दिवा बंद होता म्हणून, एकदा का ते अजून कळलं नाही. दुसऱ्या वेळी अधिकाऱ्याचा हात कंबरेच्या पिस्तुलावर होता आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मुलगा मागे बसून रडत होता. पाच मिनिटांत सोडलं, 'सर' वगैरे म्हणून. मला काही झालं नाही. पण त्या रात्री मी मुलाला शिकवलं की पोलीस आले तर हात कुठे ठेवायचे. तो नऊ वर्षांचा होता. आपण भारतीय, आपल्याला काय त्याचं, असं म्हणणाऱ्या आमच्या मंडळातल्या मित्रांना मी तेव्हापासून हेच सांगतो.

अश्वत्थ

आणि त्याच महिन्यात १७ तारखेला बॅटन रूजला आणखी तीन पोलीस गेले, पुन्हा एका माजी सैनिकाच्या रायफलीने. त्यातला माँट्रेल जॅक्सन कृष्णवर्णीय होता. मारल्या जाण्याच्या काही दिवस आधी त्याने फेसबुकवर लिहिलं होतं की गणवेशात असलो की लोक तिरस्काराने बघतात आणि गणवेश काढला की धोका म्हणून बघतात. घरी चार महिन्यांचं बाळ होतं.

कातळ

हे वाचून मी बराच वेळ काही टाइप करू शकलो नाही.

मघाशी आरत्यांबद्दल लिहिलं ते शब्द मागे घेतो. प्रश्न मागे घेत नाही.

कोष्टी_गल्ली

कातळ, असं लिहायला मोठं मन लागतं.

अण्णा_सातारकर

वयाने मोठा म्हणून एक जुनी गोष्ट. १९६३ मध्ये आम्ही शाळकरी होतो, केनेडी गेले ती बातमी रेडिओवर ऐकली होती. त्या दिवशी त्याच मारेकऱ्याने पाऊण तासाने ओक क्लिफ भागात एका पोलिसालाही मारलं, जे. डी. टिपिट. ते कुणाला फारसं आठवत नाही. केनेडींनीच आदल्या वर्षी, १९६२ मध्ये, १५ मे हा शहीद पोलिसांचा स्मृतिदिन म्हणून जाहीर करायच्या कायद्यावर सही केली होती. आपल्याकडे २१ ऑक्टोबर असतो, १९५९ मध्ये लडाखला हॉट स्प्रिंग्सजवळ गेलेल्या दहा जवानांसाठी. नकाशा पाहिला तर केनेडींवर गोळी झाडली ती जागा एल सेंट्रोपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे असं दिसतं. बरोबर का, बेटा?

निवडुंग

हो अण्णा, अगदी काहीच चौक दूर. मधे वेस्ट एंड स्टेशन, आणि स्टेशनच्या शेजारी रोझा पार्क्स प्लाझा आहे. बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडायला नकार देणाऱ्या त्या रोझा पार्क्स, तिथे त्यांचा बसलेला पुतळा आहे. मी रोज त्यांच्यासमोरून जायचे. गोळीबार त्याच परिसरात झाला.

सगळ्यांचे प्रतिसाद काल रात्री लेकीला वाचून दाखवले. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, पण ऐकून सगळं समजतं. हवालदाराची_लेक, तुमच्या बाबांचं वाक्य तिने वहीत लिहून घेतलं, मराठीतच, 'ओरडून ते नीट घरी जातील'. याचं इंग्रजी कसं करायचं यावर आमचं अर्धा तास चाललं होतं. शेवटी ती म्हणाली, मराठीच ठेवते आणि खाली अर्थ देते.

रोबोच्या प्रश्नाला ती स्वतःच म्हणाली, "मी दोन्ही बाजू लिहीन, कारण मला ठरवता येत नाही." यंत्रमाग आणि कातळ, दोघांचेही मुद्दे त्यात येणार आहेत. परवानगी आहे ना?

शनिवारी तिला घेऊन डाऊनटाऊनला जातेय. एल सेंट्रोला आता डॅलस कॉलेज नाव आहे, पण इमारतीचे खांब तेच आहेत. थॉम्पसन त्याच खांबांपाशी पडला होता. ती म्हणाली गाडीने नको, डार्टनेच जाऊ.

कातळ

परवानगी कसली विचारता ताई. घ्या.

हवालदाराची_लेक

माझ्या बाबांचं नाव तिने लिहिलं तर मला खूप बरं वाटेल. विपूत (विचारपुशीत) कळवते.

कडुनिंब_डल्लास

ताई, शनिवारी मलाही सुट्टी आहे. आलेलं चालेल का? फुलं मी आणते.

निवडुंग

या. दहाची गाडी, वेस्ट एंडला उतरून पुतळ्यापाशी उभ्या राहतो.